बोटीवरचे बाबा

निलेश शिवलकर बोटीवर वारला तेव्हा त्याची मुलगी मृणाली नववीत होती. सहामाही परीक्षा चालू होती. भूमितीचा पेपर देऊन ती घरी आली, तर अंगणात चपलाच चपला. आई ओटीवर भिंतीला टेकून बसलेली, आणि बाबांचे थोरले भाऊ महिपतकाका मोडक्यातोडक्या हिंदीत फोनवर कुणाला तरी बोटीचं नाव परत परत सांगत होते. बोट ब्राझीलच्या वाटेवर होती. इंजिनरूममध्ये काम करता करता निलेशच्या छातीत कळ आली आणि बंदर गाठायच्या आत सगळं आटोपलं.

आता पुढचं बंदर, तिथले कागद, मग विमान. त्याला घरी यायला महिना लागेल, असं बोटीवर माणसं पाठवणारा एजंट म्हणाला. सुतक आजपासून धरायचं की माणूस आल्यापासून, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. महिपतकाका भटजींना विचारून आले. भटजी म्हणाले, दिवस अग्नी दिल्यापासून धरा, गोडधोड मात्र आत्तापासूनच नको. त्यामुळे दिवाळीत शिवलकरांच्या दारात कंदील लागला नाही, पण घरात रडारडही नव्हती. मृणाली शाळेत जात राहिली. भाट्याच्या पुलावरून एसटी जाताना मैत्रिणी बडबडायच्या आणि ती खिडकीतून खाडीकडे बघत बसायची. काय सांगणार होती ती त्यांना? बाबा गेलेत, पण अजून आले नाहीत?

शेवटी मुंबईहून रुग्णवाहिका आली. पेटी बंद होती. मृणालीची आई राजश्री "एकदा तोंड बघू दे" म्हणून दिराच्या पाया पडायला निघाली, तेव्हा पुरुषांनी आपसात बोलून झाकणावरची काच तेवढी पुसून दिली. राजश्रीने बघितलं. मृणाली पुढे झाली, तर आत्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"नको गो बाय. जसा होता तसाच लक्षात राहू दे."

जसे होते तसे म्हणजे कसे, हा विचार मृणालीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला आणि तिथेच अडकून राहिला.

बाबा तिच्या जन्माच्या आधीपासून बोटीवर होते. नऊ महिने तिकडे, दोन-अडीच महिने घरी. यायचे ते बहुतेक मेच्या अखेरीस, आंबा संपता संपता. आले की घराला नव्या बॅगेचा आणि परफ्यूमचा वास यायचा. तिच्यासाठी ते हटकून ड्रेस आणायचे आणि तो हटकून आखूड व्हायचा, कारण दुकानात उभं असताना त्यांच्या डोळ्यांपुढे जाताना पाहिलेली मुलगी असायची. ती आठवीत असताना त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "ही आमची सहावीतली." आईने हळूच दुरुस्त केलं तेव्हा ते हसले होते. फोनवर तर ठरलेलंच असायचं: "जेवलीस? अभ्यास कसा चाललाय? आईला दे."

दिवसकार्याला गुहागरहून आत्माराम नावाचा एक खलाशी आला. दोन बोटींवर निलेशबरोबर होता. ओटीवर बसून तो डोळे पुसत सांगत होता, "निलेशदादा म्हणजे बोटीचा जीव हो. जेवायला बसलो की एवढा हसवायचा, त्या फिलिपिनो पोरांना मराठी शिव्या शिकवायचा." आईपण तोंडाला पदर लावून ऐकत होती. मृणाली दारात उभी होती. बाबांनी आपल्याला कधी हसवलं होतं, ते तिला आठवेना. परका माणूस येतो आणि त्याच्याकडे आपल्या बापाचा आपल्यापेक्षा जास्त भाग असतो, याचा तिला राग आला. राग आला याची लाज वाटली. "रड गो, मोकळी हो," असं आत्या सारखी म्हणत होती. शेवटी मृणालीने न्हाणीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं आणि लाल डोळे घेऊन बाहेर आली, तेव्हा कुठे आत्याला बरं वाटलं.

माणसं गेली. घर पूर्वीसारखं झालं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. दुसऱ्यांच्या घरात कुणी गेलं की एक खुर्ची रिकामी होते, एक ताट कमी होतं. इथे काहीच कमी झालं नाही. दोनच ताटं होती, दोनच राहिली. फोन वाजत नव्हता, पण तो तसाही आठ-आठ दिवस वाजायचा नाही. बाबा बोटीवर असताना घर जसं असायचं, अगदी तसंच ते होतं. बदल एवढाच झाला की राजश्री मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. संध्याकाळी कंपनीची गाडी तिला पुलापाशी सोडायची. ती यायची तेव्हा तिची बोटं बर्फात काम करून पांढरी पडलेली असायची आणि बोलायचं त्राण उरलेलं नसायचं. शाळा सुटल्यापासून तोवर मृणाली एकटीच.

जानेवारीत शाळेत संस्कृतीताई यायला लागली. ती रत्नागिरीतल्या एका संस्थेची समुपदेशक होती, स्कूटरवरून यायची. आई किंवा वडील गेलेली शाळेत सहा-सात मुलं निघाली, दोघांचे वडील करोनात गेलेले. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर या मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत बसवायचं आणि लिहितं करायचं, असं ठरलं होतं. कॉम्प्युटरमध्ये एआयचा एक प्रोग्राम घातला होता. तो मराठीत एकेक प्रश्न विचारायचा, मुलं उत्तर लिहायची, त्यावरून तो पुढचा प्रश्न काढायचा.

पहिल्या दिवशी ताईने स्पष्ट सांगितलं, "हे माणूस नाही. याला आई नाही, बाप नाही, याचं कुणी मेलेलं नाही. पण विचारायला बरं आहे, आणि याला घाई नसते. तुम्ही लिहिलेलं मी वाचणार नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं लिहिलं, तर मात्र ते मला कळवतं. बाकी तुमचं तुमच्यापाशी."

मृणालीच्या शेजारी सुजय बसायचा. आतल्या गावातला, वर्षापूर्वी आई गेलेला. तो एका बोटाने टाइप करायचा आणि मध्येच हसायचा. "हा मला विचारतो, आईच्या हातचं काय आवडायचं," तो कुजबुजला. "मी लिवलं, काय नाय, तिला जेवण करताच येत नव्हतं." आणि हसता हसता तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

मृणालीला पहिला प्रश्न आला: ज्यांच्याबद्दल तुला लिहायचं आहे, त्यांची एखादी रोजची सवय सांगशील?

रोजची. तिने इकडे तिकडे बघितलं. बाकीच्यांच्या कीबोर्डांची टकटक चालू होती. मग तिनेही लिहिलं: बाबा रोज संध्याकाळी मला सुरूच्या बनातून समुद्रावर न्यायचे.

पुढचा प्रश्न आला: चालताना तुम्ही काय बोलायचात? आता बाबा बोलायलाही लागले. शाळेत कुणी त्रास दिला का विचारायचे, वाळूत भूमितीच्या आकृत्या काढून दाखवायचे. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तिला सायकल शिकवली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिला ताप आला होता आणि ते उशाशी बसून होते. प्रगतिपुस्तकावर सही करताना ते प्रत्येक विषयाचे मार्क वाचायचे. दिवाळीत दोघांनी मिळून किल्ला केला होता आणि त्यावर अळीव पेरले होते. यंत्र सगळं ऐकून घ्यायचं. कधी खोलात जाऊन विचारायचं, कधी नुसतं लिहायचं की हे वाचताना ती संध्याकाळ समोर दिसते.

मृणाली शुक्रवारची वाट बघायला लागली. एसटीत बसल्या बसल्या ती पुढचा प्रसंग ठरवायची. हे बाबा तिला आवडत होते. घरी जाऊन कुलूप उघडताना मात्र ती क्षणभर दाराशीच थांबायची. तिने त्यांना इतकं नीट घडवलं होतं की त्यांचं नसणं तिला आता खरोखर जाणवायला लागलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. जो माणूस कधी नव्हताच, त्याच्यासाठी कुणाच्या गळ्यात पडून रडायचं?

मार्चमध्ये एका शुक्रवारी सणांबद्दलचा प्रश्न होता. तिचं भान सुटलं आणि तिने लिहून टाकलं, बाबा कुठल्याच दिवाळीला घरी नसायचे. जरा वेळाने पडद्यावर ओळी उमटल्या:

"तू पूर्वी लिहिलं होतंस की दिवाळीत तू आणि बाबांनी किल्ला केला. आज लिहिलं आहेस की ते दिवाळीला घरी नसायचे. दोन्ही तुझंच लिहिणं आहे, आणि त्यातलं खरं कोणतं हे तू सांगायलाच हवं असं नाही. एवढंच विचारायचं होतं, यातलं कोणतं लिहिताना जास्त जड गेलं?"

मृणालीचे कान तापले. भर वर्गात कुणी चोरी पकडावी तसं तिला झालं. तिने पडद्यावरची खिडकी बंद केली, दप्तर उचललं आणि ती बाहेर पडली.

पुढचे दोन शुक्रवार ती गेली नाही. संस्कृतीताईने तिला व्हरांड्यात गाठलं.

"येत नाहीस?"

"डोकं दुखतं."

"बरं. तुझी खुर्ची मी कुणाला देत नाही," ताई म्हणाली आणि पुढे गेली.

त्या दोन शुक्रवारी मृणालीला कळलं की घरी जायलाही काही कारण नाही. ती स्टँडवर दोन गाड्या सोडून तिसरीने जायची. तिसऱ्या शुक्रवारी ती परत त्या खुर्चीत जाऊन बसली आणि प्रश्नाची वाट न बघता तिने लिहिलं: मी तुला बाबांबद्दल एवढं सांगितलंय. आता तू बाबांसारखं बोल.

उत्तर आलं: "मी तसं करणार नाही. मी लिहिलेले शब्द तुझ्या बाबांचे नसतील, आणि पुढे त्यांचे कोणते आणि माझे कोणते, हे वेगळं काढणं तुला कठीण जाईल. पण ते तुझ्याशी कसे बोलायचे ते तू लिहू शकतेस. एकच वाक्य लिहिलंस तरी चालेल."

तिला इतका राग आला की तिने कीबोर्ड मागे सारला. सुजयने वळून बघितलं. मग तिने कीबोर्ड परत ओढला आणि लिहिलं:

जेवलीस? आईला दे.

त्याच्या खाली लिहिलं: एवढंच. मला त्यांचं एवढंच माहीत आहे. बाकी सगळं मी खोटं लिवलं. ते रोज काहीच करत नव्हते कारण ते रोज नव्हतेच. ते मेले तेव्हा आमच्या घरात काही बदललं नाय. मला रडू पण आलं नाय. सगळे म्हणतात पोर किती धीराची. मी धीराची नाय, मला ते ओळखीचेच नव्हते. आणि आता ओळख होणार पण नाय.

ती लिहीतच राहिली. शुद्धलेखनाकडे तिने बघितलं नाही. यंत्राने समजूत घातली नाही, की असं म्हणू नये, बाबांचं तुझ्यावर प्रेम होतं. त्याने विचारलं: हे घरात आणखी कुणाला माहीत आहे का?

नाय, तिने लिहिलं. आणि मग: ते खोटे बाबा पुसून टाकू?

"तुला हवं तर. ते बाबा तुला कशासाठी हवे होते, ते आधी लिहिलंस आणि मग ठरवलंस तरी चालेल."

पुढचे तीन-चार शुक्रवार ती तेच लिहीत होती. खोट्या बाबांना तिने पुसलं नाही. खऱ्या बाबांबद्दल मात्र एक पान तयार झालं, आणि ते पान एका माणसाला वाचून दाखवावंसं वाटतं, असं तिने स्वतःच लिहिलं. ताईने तिला ते छापून दिलं, न वाचता, उलटं धरून.

एप्रिल संपत आला होता. रविवारी राजश्री मागल्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. मृणाली समोर बसली. "आई, शाळेत लिवलंय ते वाचू?"

"वाच की."

तिने वाचायला सुरुवात केली. आखूड ड्रेस, "आमची सहावीतली", फोनवरचं बोलणं. घरात काही बदललं नाही, इथपर्यंत ती आली आणि राजश्रीचे लाल झालेले हात थांबले.

"तो काय मजा मारायला जात होता बोटीवर?"

"तसं नाय गो आई."

"मग कसं? हे शिकवतात शाळेत? मेलेल्या बापाचे दोष लिवायला?"

"दोष नाय लिवले."

"मग काय हाय ते?"

राजश्री उठली, आत गेली. न्हाणीत पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. फोडलेल्या रातांब्यांवर माशा बसायला लागल्या, तेव्हा मृणालीने उरलेले एकटीने फोडून संपवले.

शुक्रवारी तिने लिहिलं: वाचून दाखवलं. आई चिडली. यंत्राने तिला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग लिहिलं: हे संस्कृतीताईंना सांगावंसं वाटतं का? त्या पलीकडेच बसल्या आहेत. मृणालीने मान वर केली. ताई खरंच पलीकडे बसली होती, स्टुलावर, रजिस्टर मांडीवर घेऊन. इतके महिने ती तिथेच बसत होती.

मृणाली उठून तिच्यापाशी गेली. सगळं ऐकून ताई म्हणाली, "तुला निदान हे यंत्र तरी विचारत होतं. तुझ्या आईला कुणी काही विचारलंय का, ती कशी आहे म्हणून?"

मृणालीने स्वतःही विचारलं नव्हतं.

मग मेची सुट्टी लागली आणि शुक्रवार बंद झाले. दुपारी कातळ इतका तापायचा की कुत्रीदेखील पडवीच्या सावलीत सरकून बसायची. मृणाली दिवसभर घरात. ताट-वाटी धुतली की आवाज संपले. शेवटच्या फोनवर बाबा म्हणाले होते, "पंचवीस मेला उतरतो, सव्वीसला घरात." ही तारीख आता वाडीत कुणाच्याच ध्यानात नव्हती. महिपतकाकांच्या घरी त्याच आठवड्यात गौरवदादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, लग्नाची बोलणी चालली होती. लोकांचं रडून कधीच झालं होतं.

सव्वीस तारखेला सकाळी आई कामाला गेल्यावर मृणालीने घर झाडलं आणि कपाटावरची मोठी गादी ओढून अंगणात उन्हात टाकली. दरवर्षी ती हे करायची. काठी घेऊन ती गादी झोडपायला लागली. कापसाची धूळ उडाली, तिने तोंड फिरवलं आणि त्याच क्षणी तिला कळलं की ही गादी कुणासाठी आहे. दरवर्षी या दिवसांत जो माणूस यायचा, तो आज येणार नव्हता. गेले आठ महिने तिच्या लेखी तो बोटीवरच होता. तो आज गेला.

ती तिथेच अंगणात, गादीच्या कडेला बसली आणि रडली. भर उन्हात, एकटी. पलीकडच्या घरातून मिक्सरचा आवाज येत होता. कुणी आलं नाही, आणि कुणाला हाक मारावी असंही तिला वाटलं नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हा ती सावलीत सरकली आणि परत रडली.

त्या संध्याकाळी कंपनीची गाडी येऊन गेली तरी राजश्री आली नाही. फोनही उचलला नाही. मृणाली पुलापर्यंत जायला निघाली, तेवढ्यात आई रिक्षातून उतरली.

"कुठं होतीस?"

राजश्री पायरीवर बसली. चपला काढल्या. "स्टेशनवर."

"कशाला?"

"कंपनी सुटल्यावर चालत गेले. जवळच हाय. तो यायचा ती गाडी यायची होती. आली. माणसं उतरली. सगळी गेली. मी आपली बसून राहिले."

"मला का नाय नेलंस?"

"मला वाटलं तुला…" राजश्रीला अंगणातली गादी दिसली. अंधारून आलं तरी ती अजून तिथेच होती. राजश्रीने गादीकडे बघितलं आणि मग मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"ये. इथं बस," ती म्हणाली.

दोघी पायरीवर बसल्या. राजश्री समोर बघूनच बोलत होती. "तो आला ना, की मला पहिले दोन दिवस त्याच्यासमोर साडी बदलायची लाज वाटायची. नवरा माझा. पण परका वाटायचा. मग सवय व्हायची, आणि तोवर परत बॅग भरायची वेळ. दरवर्षी नवं लग्न झाल्यासारखं, आणि दरवर्षी मोडल्यासारखं." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तू वाचलंस ना, घरात काय बदललं नाय म्हणून. ते मलापण वाटत होतं. मी कुणाला बोलले नाय. कोण काय म्हणेल. नवरा मेला आणि हिला काय वाटत नाय."

"मला वाटतंय पण," मृणाली म्हणाली.

"मलापण."

मग दोघींनी दोन बाजूंनी गादी उचलली आणि आत नेली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. दहावीच्या सहामाहीनंतर संस्कृतीताई पुण्याला गेली. शुक्रवारचा तास बंद पडला आणि कॉम्प्युटरच्या खोलीला बहुतेक वेळा कुलूप असतं, असं सुजयकडून कळतं. तो दहावीत नापास झाला आणि परत त्याच वर्गात बसतो. मृणाली शहरात अकरावीला आहे. राजश्रीला कंपनीने दुसरी पाळी दिली आहे, त्यामुळे मृणाली कॉलेजातून येते तेव्हा घराला कुलूपच असतं. ती चहा करते, ओटीवर बसते आणि कधी कधी लिहिते. आता कुणी प्रश्न विचारत नाही. ते तिला स्वतःलाच काढावे लागतात, आणि काही दिवस एकही सुचत नाही.

आई आणि ती फार बोलतात, असं नाही. त्यांना ती सवय कधी लागलीच नव्हती. त्या संध्याकाळनंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. पण परवा सुट्टीच्या दिवशी राजश्री तांदूळ निवडत होती आणि ओटीवर वाकून लिहिणाऱ्या मुलीकडे बघत होती. बघता बघता तिने विचारलं, "आज काय लिवलंस?"

"काय नाय. असंच."

"बरं," राजश्री म्हणाली. सूप घेऊन ती जरा सरकली, मृणालीला उजेड यावा म्हणून, आणि पुन्हा खडे शोधायला लागली.